चक्रीय पेप्टाइड (स्क्लेरोस्टिनरोधक)

अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची दोन टोके एकमेकांना, किंवा तिच्यातले दोन दुवे आपसांत, जोडून केलेले कडे म्हणजे चक्रीय पेप्टाइड. हाडांच्या वाढीला आवर घालणाऱ्या स्क्लेरोस्टिन या प्रथिनाला अडवण्यासाठी अशी कडी घडवली जातात.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे म्हातारे माणूस अंगणात घसरले नि खुबा मोडला, की ‘हाडं झिजलीत’ म्हणतात. हे अर्धेच खरे. हाड जन्मभर एकीकडे पोखरले जाते, दुसरीकडे भरले जाते. उतारवयात, विशेषतः बायकांची पाळी गेल्यावर, भरणे मागे पडते. स्क्लेरोस्टिन हा त्या भरण्यावरचा ब्रेक. हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी ते सोडतात. हाड रचणाऱ्या पेशींवरच्या एलआरपी५ आणि एलआरपी६ या ग्राहींना (संदेश झेलणाऱ्या प्रथिनांना) ते जाऊन चिकटते आणि वाढीचा ‘विंट’ संदेश तुटतो. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर (डच वंशाच्या) कुटुंबांत स्क्लेरोस्टिनचे जनुक बिघडलेले असते. त्यांची हाडे कमालीची दाट होतात, कवटी जाडावत जाऊन मज्जातंतू चेपतात. ते जनुक २००१ मध्ये ओळखले गेले, आणि ब्रेक सैल केला तर ठिसूळ हाडे भरतील हा विचार तिथूनच बळावला. रोमोसोझुमॅब हे औषध म्हणजे स्क्लेरोस्टिनला पकडणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी). त्याला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली, सोबत हृदयविकार व पक्षाघाताचा ठळक इशाराही. महिन्याला एकदा, वर्षभर टोचायचे, आणि २ ते ८ अंश तापमानात जपायचे. पावसाळ्यात वीज जाणाऱ्या गावात ही अट हलकी नाही.

कडेच का, हे चुंबळीवरून कळते. डोक्यावर नुसता पदर टाकून घागर ठरत नाही. त्याच फडक्याचा पीळ देऊन वेटोळे केले की ती बसते. सुटी साखळी पाण्यात शेकडो आकार घेते, आणि प्रथिनाला चिकटताना ते सगळे सोडून एकच धरण्याची किंमत मोजते. कड्याने ती आधीच मोजलेली असते. शिवाय टोके कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) त्याचे टोकच सापडत नाही. अवयव प्रत्यारोपणात देतात ते सायक्लोस्पोरिन असेच ११ अमिनो आम्लांचे कडे आहे. ते गिळूनही लागू पडते. तो अपवाद आहे, नियम नव्हे.

स्क्लेरोस्टिनच्या बाबतीत मात्र घागरच मऊ आहे. त्याच्या साखळीला तीन फासे, म्हणजे वळसे. ग्राहीला धरतो तो मधला, आणि तोच सर्वांत लवचीक. स्थिर खळगा नसल्याने लहान गोळीवजा रेणूला पकड मिळत नाही. म्हणून एक वाट म्हणजे ग्राहीचा किंवा प्रतिपिंडाचा चिकटणारा तुकडा उचलून त्याचे कडे करायचे. दुसरी म्हणजे कोट्यवधी कडी विषाणूंवर मांडून चिकटतील ती वेचायची. या फाज डिस्प्ले पद्धतीची मुळे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज स्मिथ यांच्या १९८५ च्या कामात आहेत. अलीकडे संगणकच कड्याचा सांगाडा सुचवतो. मग ते कडे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने, राळेच्या मण्यावर एकेक आम्ल जोडत, बांधतात. टोके जुळवणे शेवटी, आणि पातळ द्रावणात; घट्ट द्रावणात साखळ्या स्वतःऐवजी शेजारणीला धरतात.

चिकटले म्हणजे औषध झाले असे नाही. इतका लहान रेणू मूत्रपिंडातून लवकर निसटतो. त्यासाठी कधी मेदाम्लाची शेपटी लावून त्याला रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला अडकवतात, तर कधी ॲस्पार्टिक आम्लाचे सहा-आठ दुवे जोडतात. हे दुवे हाडातल्या कॅल्शियमच्या खनिजाला धरतात आणि कडे हाडाशीच थांबते.