विद्यापीठांतील शाश्वतता व हवामान उपक्रम

कार्बन उत्सर्जन घटवणे, संसाधने जपून वापरणे आणि बदलत्या हवामानाला तोंड देण्याची तयारी करणे यासाठी विद्यापीठाच्या आवारात होणारे कार्यक्रम, तसेच या कामातून विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शिक्षण, संशोधन व रोजगाराच्या संधी. व्याख्याने, चर्चासत्रे, वसतिगृहांतील वीजबचतीच्या स्पर्धा, अभिरूप हवामान परिषदा, जुन्या वस्तूंचे बाजार हे कार्यक्रम झाले. शिष्यवृत्त्या, मानधनावरची प्रशिक्षणार्थी कामे, विद्यार्थी-प्रकल्पांचा निधी, आंतरराष्ट्रीय परिषदांत निरीक्षक म्हणून जाण्याची सोय या संधी झाल्या. ज्या विद्यापीठांत या दोहोंची सांधेजोड झाली, तिथेच काम टिकलेले दिसते. एका दिवसाचा मेळावा उत्साह निर्माण करतो. पण त्या संध्याकाळी पुढे आलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी करायला काही काम नसेल, तर तो उत्साह आठवडाभरातच विरतो.

विद्यापीठ ही केवळ शिकवण्याची जागा नव्हे. वसतिगृहे, भोजनगृहे, दवाखाने, वाहनतळ, स्वतःची बॉयलरघरे असा त्याचा पसारा एखाद्या छोट्या शहराएवढा असतो. प्रयोगशाळा त्यात सर्वांत खादाड. विषारी वाफा ओढून घेणारे कपाट, म्हणजे फ्यूम हूड, खोलीतली गार किंवा उबदार केलेली हवा सतत बाहेर फेकत राहते. त्याची सरकती काच रात्रभर वर राहिली, तर ते एकटे कपाट एखाद्या घराहून जास्त ऊर्जा खाते. म्हणून अनेक विद्यापीठांत ‘काच खाली ओढा’ अशा स्पर्धा भरतात. काचेच्या कडेला चिकटपट्टीची खूण असते, स्वयंसेवक संध्याकाळी फेरी मारून कुणाची काच कुठवर आहे ते टिपतो, आणि महिनाअखेर सर्वांत काटेकोर प्रयोगशाळेला खाऊ मिळतो. दिसायला खेळ, पण बचत खरीखुरी.

पूर्वपीठिका : या उपक्रमांचे मूळ अमेरिकेतील ‘टीच-इन’मध्ये आहे. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात १९६५ साली मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी रात्रभर जागून व्याख्याने, वादविवाद केले. जागर हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. हाच नमुना पर्यावरणासाठी वापरावा, ही कल्पना विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी मांडली. त्याआधी, १९६९ साली, कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्यावरची तेलगळती त्यांनी पाहिली होती. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन झाला आणि सुमारे २ कोटी अमेरिकन त्यात सहभागी झाले. तारीख निवडतानाही विद्यार्थ्यांचाच विचार होता : वसंतातली सुट्टी संपलेली, अंतिम परीक्षा अजून दूर.

संस्थांनी स्वतःच्या कारभाराची जबाबदारी घ्यायला मात्र आणखी वीस वर्षे लागली. फ्रान्समधील तालुआर येथे, टफ्ट्स विद्यापीठाच्या केंद्रात, १९९० साली जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमी जाहीरनामा काढला. शिकवणे, संशोधन आणि आवाराचे व्यवस्थापन या तिन्हींत पर्यावरणाचा विचार करण्याचे वचन त्यात होते. पुढे जगभरातल्या शेकडो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे शाश्वत विकासासाठी शिक्षणाचे दशक म्हणून पाळले. अमेरिकेच्या मेन राज्यातील कॉलेज ऑफ द अटलांटिक या लहानशा संस्थेने २००७ साली स्वतःला कार्बन-तटस्थ, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढीच भरपाई करणारी, जाहीर केले. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१० साली हरित विद्यापीठांची ‘ग्रीनमेट्रिक’ क्रमवारी सुरू केली.

कार्यक्रमांचे स्वरूप : सर्वाधिक प्रसार झाला तो स्पर्धांचा. अमेरिकेतील ओबर्लिन महाविद्यालयात २००५ साली वसतिगृहांमध्ये दोन आठवडे वीजबचतीची चुरस लागली. दोन वसतिगृहांत विजेचा वापर क्षणाक्षणाला पडद्यावर दिसत होता. बाकीच्यांना आठवड्यातून एकदा मीटरचा आकडा कळत होता. एकूण वीजवापर ३२ टक्क्यांनी उतरला. पण ज्यांना आकडा डोळ्यांसमोर हलताना दिसत होता, त्यांनी ५५ टक्के बचत केली. दिवा मालवला की रेषा खाली येते, हे दिसणे कुठल्याही भित्तिपत्रकाहून प्रभावी ठरले. पुनर्वापरासाठी कचरा वेगळा करण्याची आंतरविद्यापीठीय स्पर्धाही २००१ साली ओहायो राज्यातील दोनच विद्यापीठांच्या चुरशीतून सुरू झाली आणि नंतर शेकडो संस्थांपर्यंत गेली.

दुसरा प्रकार खेळातून समजून घेण्याचा. फ्रान्समध्ये २०१५ साली सेद्रिक रेंगनबाख यांनी तयार केलेल्या ‘क्लायमेट फ्रेस्क’मध्ये ४२ पत्ते असतात. साधारण तीन तासांत लहान गट ते टेबलावर मांडतो, कारण आणि परिणाम बाणांनी जोडतो. मजकुराचा आधार आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञमंडळाचे अहवाल. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील संशोधक व ‘क्लायमेट इंटरॅक्टिव्ह’ ही संस्था यांची अभिरूप परिषद, म्हणजे हवामान वाटाघाटींची लुटुपुटूची बैठक, याहून झोंबणारी आहे. श्रीमंत देशांचे प्रतिनिधी खाद्यपदार्थांनी भरलेल्या टेबलाशी खुर्च्यांवर बसतात, गरीब देशांचे जमिनीवर. प्रत्येक गटाने दिलेली वचने संगणकातील प्रतिमानात भरली जातात आणि शतकाअखेरचे तापमान पडद्यावर येते. पहिल्या फेरीत ते जवळजवळ नेहमीच निराश करणारे असते. समुद्र किती चढेल हे दाखवण्यासाठी कधीकधी एक निळी ताडपत्री किनारी देशांच्या प्रतिनिधींच्या डोक्यावरून ओढली जाते. त्या कापडाखाली दोन मिनिटे बसलेला विद्यार्थी हवामान न्यायावरचे तासभराचे व्याख्यान वेगळ्या कानांनी ऐकतो.

वृक्षारोपणाचे कार्यक्रम सर्वत्र होतात. रोप लावण्याइतकेच पुढची तीन वर्षे पाणी कोण घालणार हे ठरले पाहिजे. ते ठरले नसेल तर कार्यक्रम छायाचित्रापुरता उरतो.

संधी : विद्यार्थ्यांना कारभारात खरी जागा देणारा नमुना नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाने २०१० साली घालून दिला. ‘ग्रीन ऑफिस’ नावाचे हे कार्यालय विद्यार्थी चालवतात. त्यांना मानधन, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि कर्मचाऱ्यांचे पाठबळ मिळते. युरोपातील अनेक विद्यापीठांनी तो उचलला. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही आवारांत विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन स्वतःवरच लहानसे हरित शुल्क बसवून घेतले आणि त्या निधीतून सौरपट, सायकलतळ, पाणीबचतीची कामे उभी केली. पैसा कुठे लावायचा याचा निर्णयही बहुतांशी विद्यार्थीच घेतात. एखादा प्रस्ताव लिहिणे, तो समितीपुढे मांडणे, नाकारला गेल्यावर आकडे सुधारून पुन्हा आणणे यातून जे शिक्षण मिळते ते कोणत्याही श्रेयांकात मावत नाही.

आवारालाच प्रयोगशाळा मानण्याची रीतही रुळली आहे. इमारतीचे ऊर्जालेखन हा प्रबंधाचा विषय होतो आणि निष्कर्ष थेट अभियंत्याच्या टेबलावर जातात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने २००२ साली सुरू केलेल्या ‘सोलर डेकॅथलॉन’मध्ये विद्यार्थ्यांचे संघ सूर्यावर चालणारे घर प्रत्यक्ष बांधत व दहा कसोट्यांवर त्याची परीक्षा होई. ऑस्ट्रेलियात डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारे ३,००० किमी. धावणाऱ्या सौरमोटारींच्या शर्यतीत १९८७पासून विद्यापीठांचे संघ उतरत आले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदांत संशोधनसंस्थांना निरीक्षक म्हणून प्रवेश मिळतो, आणि युवकांच्या ‘यंगो’ या गटालाही अधिकृत स्थान आहे.

दबाव आणि वाद : काही संधी विद्यार्थ्यांनी मागून नव्हे, भांडून मिळवल्या. विद्यापीठांच्या गंगाजळीतून कोळसा व तेल कंपन्यांमधली गुंतवणूक काढून घ्या, ही मोहीम २०११च्या सुमारास अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयातून उभी राहिली. मेनमधील युनिटी कॉलेजने २०१२ साली तसा निर्णय घेतला. हार्वर्डला त्यासाठी २०२१ उजाडावे लागले. बार्सिलोना विद्यापीठात २०२२च्या नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी इमारतीत ठिय्या दिला आणि हवामान संकटावरचा विषय सर्वांना सक्तीचा करण्याचे विद्यापीठाला कबूल करायला लावले.

उत्सर्जनाच्या हिशेबावरही वाद आहेत. आवारात जळणारे इंधन पहिल्या वर्गात, विकत घेतलेली वीज दुसऱ्या वर्गात आणि बाकी सारे, म्हणजे खरेदी, विमानप्रवास, गुंतवणूक, तिसऱ्या वर्गात मोडते. पहिले दोन मोजणे सोपे. म्हणून ‘तटस्थ’ झाल्याची घोषणा बहुधा तेवढ्यावरच होते. शाश्वततेवरच्या परिषदेसाठी शेकडो जणांनी विमानाने येणे ही विसंगती आता आयोजकांनाही सलते, आणि दूरस्थ सहभागाची सोय वाढली आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र साधी आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात. ज्याने खतप्रकल्प उभा केला तो पदवी घेऊन गेला की किल्ली कुणाकडे, ठेकेदाराचा नंबर कुठे, हेही कुणाला ठाऊक नसते. या गळतीवरच उपाय म्हणून अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०११ साली एक उपक्रम बांधला. वर्षअखेर वसतिगृह सोडताना लोक दिवे, खुर्च्या, छोटे फ्रीज, गाद्या फेकून देतात. ते सारे गोळा करून उन्हाळाभर साठवायचे आणि सत्र उघडताच नव्या मुलांना स्वस्तात विकायचे. आलेल्या पैशांतून पुढच्या वर्षी वस्तू गोळा करण्याचा खर्च निघतो, त्यामुळे दरवर्षी कुणाकडे हात पसरावा लागत नाही. गेलेल्याचा टेबलदिवा आलेल्याच्या खोलीत लागतो, आणि तो विकत घेणाऱ्यांतूनच पुढच्या वर्षीचे स्वयंसेवक मिळू शकतात.