फाइलची परवानगी आणि डिरेक्टरीची परवानगी

लिनक्सवर वेबसर्व्हर चालवायला शिकणारे बहुतेक जण फाइलला ६४४ आणि डिरेक्टरीला ७५५ हे आकडे पाठ करतात; मात्र दोन्हींना एकच आकडा का चालत नाही, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते. आकड्यातले तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर सगळे यांच्यासाठी असतात, आणि प्रत्येक अंक म्हणजे दिलेल्या परवानग्यांची बेरीज. वाचणे (४), लिहिणे (२) आणि चालवणे (१) या परवानग्या दोन्हीकडे त्याच अक्षरांनी (आर, डब्ल्यू, एक्स) दाखवल्या जातात, पण त्यांचा अर्थ दोन्हीकडे सारखा नसतो.

फाइलच्या बाबतीत अर्थ सरळ आहे. मजकूर वाचता येणे, तो बदलता येणे आणि फाइल प्रोग्राम म्हणून सुरू करता येणे, एवढेच. एचटीएमएलचे पान किंवा चित्र यांना तिसरी परवानगी लागत नाही. पीएचपी-एफपीएम या, वेबसर्व्हरसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेमार्फत चालणाऱ्या पीएचपी फाइललाही ती लागत नाही, कारण प्रत्यक्षात चालतो तो पीएचपीचा प्रोग्राम, आणि तो ही फाइल केवळ वाचतो.

डिरेक्टरी ही मुळात नावांची यादी असते. तिथे वाचण्याची परवानगी म्हणजे ती नावे पाहता येणे आणि ‘चालवण्याची’ परवानगी म्हणजे त्या डिरेक्टरीतून आत जाता येणे. त्यामुळे ७११ परवानगीच्या डिरेक्टरीत परक्या वापरकर्त्याला यादी दिसत नाही, तरीही नाव ठाऊक असलेली फाइल, तिची स्वतःची परवानगी असल्यास, उघडता येते. लिहिण्याची परवानगी, आत जाण्याच्या परवानगीसह असेल तर, नावे घालण्याचा, बदलण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार देते. म्हणूनच ४४४ असलेली, कोणालाही लिहिता न येणारी फाइलसुद्धा, डिरेक्टरीवर स्टिकी बिट (फाइल फक्त तिच्या किंवा डिरेक्टरीच्या मालकाला पुसू देणारी खूण) नसल्यास, दुसऱ्याला पुसता येते. फाइल पुसणे हा यादीतला बदल आहे, फाइलच्या मजकुरातला नव्हे. हा भाग नवशिक्याला सर्वांत उशिरा पटतो, पण सुरक्षेच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

फाइल ६४४ असूनही ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाकारल्याची त्रुटी) येण्याचे कारण अनेकदा इथेच सापडते. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी ७५० परवानगीने तयार होते. संकेतस्थळ त्या डिरेक्टरीत ठेवले, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावाने चालणारा एन्जिनएक्स हा वेबसर्व्हर तिच्या दारातच अडतो आणि आतल्या फाइलची परवानगी तपासण्याची वेळच येत नाही. अशा वेळी फाइलवर आकडे बदलत बसण्यापेक्षा मुळापासून फाइलपर्यंतच्या प्रत्येक डिरेक्टरीची परवानगी पाहावी. ‘नेमआय’ ही आज्ञा ‘एल’ पर्यायासह दिल्यास तो सगळा रस्ता ओळीने दाखवते.

त्याऐवजी अनेक जण सगळ्यालाच ७७७ देऊन टाकतात. पान दिसू लागते खरे, पण मग सर्व्हरवरील कोणत्याही प्रक्रियेला तिथे नवी पीएचपी फाइल ठेवता येते किंवा असलेली बदलता येते. उलट सगळ्याला सरसकट ६४४ दिले, तर डिरेक्टरींमधून जाण्याचा मार्गच बंद होतो. परवानग्या बदलणाऱ्या चमॉड या आज्ञेला लहान एक्सऐवजी मोठा एक्स दिला, तर चालवण्याची परवानगी डिरेक्टरींना आणि आधीपासून चालवण्याजोग्या असलेल्या फाइलींनाच मिळते. एकाच आज्ञेत दोन्ही सांभाळण्यासाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. संकेतस्थळाची मालकी स्वतःच्या खात्याकडे ठेवून सर्व्हरच्या वापरकर्त्याला केवळ अपलोडच्या डिरेक्टरीत लिहू द्यावे, आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेल्या फाइलचा गट सर्व्हरच्या वापरकर्त्याचा करून तिला ६४० द्यावे.