दाणा नेला, चुना राहिला

एप्रिल १९६४ मध्ये मेक्सिको सिटीजवळच्या कोआत्लिंचान गावातून पावसाच्या देवाला हलवलं. त्लालोकची समजली जाणारी ती दगडी मूर्ती शतकानुशतकं ओढ्यात आडवी पडून होती. वजन सुमारे १६८ टन. राजधानीत नवं राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय उभं राहत होतं आणि त्याच्या दारात ती हवी होती. बदल्यात गावाला शाळा, दवाखाना देण्याचं कबूल झालं होतं. तरी गाव बिथरलं, गाड्यांची नासधूस झाली आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं. मूर्ती राजधानीत पोचली त्या रात्री, पावसाळा सुरू झालेला नसताना, धो धो पाऊस कोसळला. कोआत्लिंचानमध्ये त्याचा काय अर्थ लावला गेला असेल, हे सांगायला नको.

संग्रहालय मात्र देखणं झालं. तळमजल्यावर पुरातत्त्व, म्हणजे आस्तेक, माया, त्यांचे दगड आणि त्यांचं सोनं. त्याच लोकांचे आज जिवंत असलेले वंशज वरच्या मजल्यावर. खालची दालनं इतकी मोठी आहेत, की वर जायची वेळ येईपर्यंत पाय बोलायला लागतात.

मेक्सिकोचे मानववंशशास्त्रज्ञ गिएर्मो बोनफिल बाताया तेव्हा २८ वर्षांचे होते. मानववंशशास्त्र शिकून त्यांनी पहिला मोठा अभ्यास केला होता तो युकातानमधल्या सुदसाल गावातल्या भुकेचा. १९६२ साली तो छापून आला. गावात लोक काय खातात, किती खातात आणि का पुरत नाही, असा तो साधा विषय. या माणसाचं पुढचं सगळं काम मला त्या गावच्या चुलीपासून सुरू झाल्यासारखं वाटतं.

मेक्सिकोत तेव्हा मानववंशशास्त्र हे जवळजवळ सरकारी खातंच होतं. मूलनिवासींना शिकवायचं, सुधारायचं, स्पॅनिश बोलायला लावायचं आणि 'राष्ट्रीय प्रवाहात' आणायचं, ही सरकारची भूमिका. त्यासाठी लागणारी माहिती मानववंशशास्त्रज्ञांनी पुरवायची. १९७० साली काही तरुण अभ्यासकांनी मिळून या सगळ्यावर सडकून टीका केली. त्यांत बोनफिल होते. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला: 'इंडियन' (म्हणजे अमेरिकेतले मूलनिवासी) नावाचा कोणी एक समाज मुळात नव्हताच. माया होते, सापोतेक होते, नाहुआ होते. जिंकणाऱ्यांनी सगळ्यांना एका पोत्यात घालून वर ते लेबल लावलं.

गंमत म्हणजे त्याच १९७२ साली सरकारने त्यांना राष्ट्रीय मानववंशशास्त्र व इतिहास संस्थेचं महासंचालक केलं. देशातले पुरातत्त्वीय अवशेष आणि राष्ट्रीय संग्रहालयं, सगळं या संस्थेच्या अखत्यारीत. टीकाकाराला खुर्ची दिली की तो गप्प बसतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. बोनफिल १९७६ पर्यंत त्या खुर्चीत होते आणि गप्प काही बसले नाहीत. त्यांच्या काळात संस्थेतल्या लोकांनी संग्रहालय गरीब वस्तीत नेऊन पाहिलं, कारण वस्तीतले लोक राजधानीतल्या चापुल्तेपेकच्या, संग्रहालयाच्या त्या भव्य इमारतीत येतच नव्हते.

त्यांचा सर्वांत उपयोगी विचार म्हणजे 'सांस्कृतिक नियंत्रण'. ऐकायला जड आहे, पण प्रश्न दोनच. वस्तू कोणाची? आणि तिचं काय करायचं हे ठरवतं कोण? यातून चार शक्यता निघतात. आपल्याकडचीच उदाहरणं घेऊ. भाकरी आपली, थापायची कशी हेही आपणच ठरवतो. बाजाची पेटी युरोपातली, पण भजनात ती कुठे नि कशी वाजायची हे आपण ठरवलं. आज पेटीला परकी म्हणणारा वारकरी शोधून सापडणार नाही. तिसरी शक्यता जास्त बोचते. तारपा वारल्यांचा, पण पाहुण्यांसमोर दहा मिनिटांत, व्यासपीठावर, अमुक कपड्यांत नाचा, हे ठरवणारा दुसराच. आणि चौथीत वस्तूही परकी, निर्णयही परका. बोनफिल म्हणत, संस्कृती टिकली की बुडाली हे नुसत्या वस्तू मोजून कळत नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे ते पाहावं लागतं.

१९८२ मध्ये हा विचार वापरून पाहायला त्यांना इमारत मिळाली. मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागात लोकसंस्कृतींचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं आणि बोनफिल त्याचे पहिले संचालक झाले. उद्घाटनाच्या प्रदर्शनाचा विषय होता मका. सोबत संग्रहालयाने ठिकठिकाणच्या लोकांकडून आपापल्या मक्याबद्दलचे लेख लिहवून घेतले आणि असे तीस लेख छापले. मक्यावर बोलण्याचा अधिकार मका पेरणाऱ्याचा, हा त्यामागचा हिशोब.

मका या सिद्धांताला किती चपखल बसतो, हे रसायनशास्त्रातून पाहण्यासारखं आहे. मेक्सिकोतली बाई मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळते, रात्रभर तसेच ठेवते, सकाळी चोळून धुते. साल सुटते, दाणा फुगतो, पिवळा धमक होतो आणि ओलसर मातीसारखा वास येतो. याला निश्तामाल म्हणतात. मग तो वाटून तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, थापायच्या. चुन्याशिवाय दळलेल्या मक्याचं पीठ असं मळताच येत नाही. आपली मक्याची भाकरी थापताना कडा का फुटतात, ते ज्याने थापली आहे त्याला माहीत असतं. पण खरी करामत दिसत नाही. मक्यातलं नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, बरंचसं बांधलेल्या रूपात असतं. ते तसंच खाल्लं तर अंगी लागत नाही. चुना आणि उष्णता मिळून ते मोकळं करतात, वर कॅल्शियमही देतात.

युरोपीयांनी दाणा नेला, चुना तिथेच राहिला. मका हेच मुख्य अन्न झालेल्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा रोग, झाला: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर खरबरीत चट्टे, हगवण, वेड आणि मृत्यू. स्पेनमध्ये १८व्या शतकात वैद्यांनी त्याची नोंद केली, इटलीने त्याला नाव दिलं, २०व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसं मारली. नायसिनचा उलगडा व्हायला १९३७ साल उजाडलं. निश्तामाल करणाऱ्या बायकांना जीवनसत्त्व शब्द माहीत नव्हता, आणि त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं. (पेलाग्रा आपल्यापासून फार लांब नव्हता. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांमध्ये तो आढळे, हैदराबादला डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्यावर वाद पुष्कळ झाले.)

१९८५ पर्यंत बोनफिल या संग्रहालयात होते. १९८७ साली त्यांनी आपलं गाजलेलं पुस्तक लिहिलं. मेक्सिको दोन आहेत, असं त्यात म्हटलं आहे: एक खोलवरचा, मका पेरणारा, दुसरा काल्पनिक, सतत परदेशाकडे पाहणारा. ही विभागणी जरा जास्तच सरळ आहे, असा आक्षेप घेता येतो आणि घेतलाही गेला. बाजाची पेटी या दोहोंपैकी कुठे ठेवायची, असा माझाही एक प्रश्न आहे. १९९१ मध्ये मोटार अपघातात ते गेले तेव्हा ५६ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

दहा वर्षांनी, २००१ मध्ये, मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याच्या डोंगरातल्या देशी मक्यात जनुक-परिवर्तित वाणाचे अंश सापडल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं आणि मोठं वादळ उठलं. वस्तू कोणाची, निर्णय कोणाचा, तोच प्रश्न आता बियाण्यात शिरला होता. २००३ साली कोयोआकानच्या त्याच संग्रहालयात पुन्हा मक्याचं प्रदर्शन भरलं. नाव होतं, 'मका नाही तर देश नाही'.