माँत्रो जॅझ महोत्सवाचं १९८६ चं पोस्टर: पार्श्वभूमी

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो हे छोटं शहर आहे. तिथल्या पर्यटन कार्यालयातल्या क्लोद नोब्सनं १९६७ साली दोन साथीदारांना घेऊन जॅझ महोत्सव सुरू केला. पहिल्या वर्षी तो तीनच दिवस, गावातल्या कॅसिनोत झाला. विसाव्या महोत्सवाचं, म्हणजे १९८६ चं पोस्टर न्यूयॉर्कच्या दोन पॉप आर्ट चित्रकारांनी (जाहिराती, रोजच्या वस्तू यांतून चित्रं घडवणारी ही शैली) मिळून केलं: अँडी वॉरहॉल आणि कीथ हेरिंग.

वॉरहॉल म्हटलं की सूपचे डबे आणि मेरिलिन मन्रो आठवतात. त्याआधीच्या वॉरहॉलकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि या पोस्टरची मुळं तर तिथंच आहेत. १९५० च्या दशकात तो जाहिरातींची, विशेषतः बुटांची चित्रं काढून पोट भरत होता. त्याच दिवसांत त्यानं जॅझ रेकॉर्डची कव्हरंही केली. १९५५ मध्ये जॅझ वाद्यवृंदाचा नेता काउंट बेसी, पुढे ब्लू नोट कंपनीसाठी गिटारवादक केनी बरेल आणि सॅक्सोफोनवादक जॉनी ग्रिफिन. शाईची रेष ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपायची, ही त्याची पद्धत. त्यामुळे रेष मध्येच तुटते, मध्येच जाड होते. मला ही कव्हरं त्याच्या गाजलेल्या चित्रांइतकीच मोलाची वाटतात, कारण त्यांत हाताची लय दिसते. मूनडॉग या संगीतकाराच्या १९५७ च्या रेकॉर्डवर तर त्याच्या आईचं, ज्युलिया वॉरहोलाचं वळणदार हस्ताक्षर आहे.

१९६२ मध्ये वॉरहॉल स्क्रीन प्रिंटिंगकडे वळला. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि टी-शर्ट छापतात तीच ही पद्धत. चौकटीवर जाळीचं कापड ताणायचं, नको तो भाग बंद करायचा आणि स्क्विजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, शाई ओढायची. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. शाईचा थर जाड बसतो, रंग सपाट आणि भडक उठतो, म्हणून पोस्टर रस्त्यापलीकडूनही नजरेत भरतं. अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात सरकारी कला योजनेतून अशी पुष्कळ पोस्टरं निघाली होती. दुकानांच्या पाट्या छापणाऱ्यांचं हे तंत्र तिथल्या चित्रकारांच्या हाती आलं ते त्याच सुमारास.

हेरिंग वॉरहॉलपेक्षा तीस वर्षांनी लहान. १९८० पासून तो न्यूयॉर्कच्या सबवे स्थानकांत, रिकाम्या जाहिरात-फलकांवर चिकटवलेल्या काळ्या कागदावर खडूनं चित्रं काढायचा. पोलीस येण्याआधी उरकायचं, त्यामुळे खोडाखोड नाही. रंगलेल्या सोलोत, म्हणजे एकट्यानं वाजवायच्या भागात, वादक वाजून गेलेला सूर परत घेऊ शकत नाही, तशीच ही रेष. जॅझसाठी इतका योग्य हात मला दुसरा दिसत नाही. १९८३ मध्ये त्यानं माँत्रोसाठी तीन स्क्रीनप्रिंट पोस्टरं केली: जाड रेषा, झगझगीत रंग, नाचणारी माणसं. तीन वर्षांनी दोघांचं एकत्र पोस्टर आलं.

पुढच्याच फेब्रुवारीत, १९८७ मध्ये वॉरहॉल गेला. हेरिंग १९९० मध्ये एड्सनं गेला, अवघ्या ३१ व्या वर्षी. चित्रकारांकडून पोस्टर करून घेण्याची प्रथा महोत्सवानं सोडली नाही. १९९५ चं पोस्टर गायक डेव्हिड बोवीनं केलं.