फायबरग्लासचा पोल, धातूचा मास्ट आणि डोक्यावरची विजेची तार

हौशी रेडिओच्या (हॅम रेडिओच्या) छंदात नव्याने आलेले लोक अँटेना उंच उभारण्यासाठी टेलिस्कोपिक पोल घ्यायला निघाले की त्यांच्यासमोर दोन वस्तू येतात. एक म्हणजे एकात एक सरकणाऱ्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा मास्ट आणि दुसरी म्हणजे तशाच सरकणाऱ्या फायबरग्लासच्या नळ्यांचा पोल. त्यानंतर कोणीतरी अनुभवी माणूस सल्ला देतो: ‘आसपास विजेच्या तारा असतील तर फायबरचा घ्या, त्यातून करंट जात नाही.’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आणि वाचला आहे, आणि तो इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की त्याचे सविस्तर खंडन करणे मला आवश्यक वाटते. या दोन पोलांमध्ये फरक पुष्कळ आहेत, परंतु विजेच्या तारेपासून किती दूर राहायचे या एका प्रश्नापुरती फायबरग्लासमुळे काहीही सवलत मिळत नाही.

धातूच्या मास्टबद्दल थोडक्यात सांगतो, कारण गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या पाइपमुळे तो बहुतेकांच्या ओळखीचा आहे. त्याचे प्रत्येक नळकांडे साधारण ३ मीटरचे असते, प्रत्येक सांध्याला बोल्ट किंवा पिन घालून ते पक्के करायचे असते आणि प्रत्येक सांध्याजवळच्या कड्याला तणावे बांधायचे असतात. आतली नळी वर ढकलताना पिन बसण्याआधी हात सुटला तर ती वजनासकट खाली येते आणि सांध्यावर बोटे असतील तर ती चिरडतात, म्हणून नळी नेहमी सांध्यापासून दूर धरावी. अशा मास्टवर कधीही चढू नये.

फायबरग्लासच्या पोलाला सहसा पिन नसते. त्याच्या नळ्या वर निमुळत्या होत गेलेल्या असतात आणि केवळ घर्षणाने एकमेकींत अडकून राहतात. उघडताना सर्वांत बारीक टोकापासून सुरुवात करावी, प्रत्येक सांधा ओढून किंचित पिळावा. मिटवताना मात्र तळाच्या जाड नळीपासून सुरुवात करावी. पोल तासाभरापेक्षा जास्त उभा राहणार असेल तर सांध्यांवर होज क्लिप किंवा निदान इन्सुलेशन टेप लावावी, कारण वाऱ्याच्या हेलकाव्यांनी सांधे सैल होतात आणि उभा पोल अचानक स्वतःतच मिटतो. तणाव्यांसाठी मी नायलॉनपेक्षा पॉलिएस्टरची दोरी वापरतो, कारण नायलॉन फार ताणले जाते. टोकाच्या दोन-तीन काटक्यांसारख्या नळ्यांवर वजनदार काहीही टांगू नये. यांत्रिक फरक एवढाच आहे आणि तो एकदा हाताळून कोणालाही कळतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. फायबरग्लास वीजरोधक आहे हे खरे आहे, पण हौशी रेडिओत त्या गुणधर्माला महत्त्व आहे ते अँटेनाच्या कामगिरीसाठी. उभ्या तारेच्या अँटेनाशेजारी धातूचा मास्ट असला की अँटेनाची ट्यूनिंग बदलते. फायबरग्लासचा पोल असला तर तार थेट त्यालाच गुंडाळता किंवा चिकटवता येते. हाच त्याचा उपयोग आहे आणि याच उपयोगात धोका दडलेला आहे. ४० मीटर बँडचा, म्हणजे सुमारे ४० मीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरींसाठीचा, पाव तरंगलांबीचा उभा अँटेना म्हणजे सुमारे १० मीटर लांबीची तार. ती १० मीटरच्या पोलावर तळापासून टोकापर्यंत चढवली की वीजरोधक पोल उरतच नाही, उरतो तो १० मीटर उंचीचा उभा विद्युतवाहक. पोल कलंडून ती तार विजेच्या वाहिनीला टेकली तर प्रवाहाला पोलातून जाण्याची गरजच पडत नाही. तो अँटेनाच्या तारेतून तिला रेडिओशी जोडणाऱ्या कोॲक्स केबलमध्ये, केबलमधून रेडिओत आणि रेडिओतून मायक्रोफोन धरलेल्या हातात येतो. तारेवरचे प्लास्टिकचे आवरण ११ केव्हीसमोर (११,००० व्होल्टसमोर) संरक्षण म्हणून धरताच येत नाही, आणि लघुदाबाच्या, म्हणजे घरगुती पुरवठ्याच्या, २३० व्होल्टनेही माणूस मरतो.

‘लाइनमनसुद्धा फायबरग्लासचीच काठी वापरतात’ हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त खटकतो. लाइनमनची काठी ठरावीक विद्युतदाबासाठी बनवलेली असते, तिच्या पोकळीत ओलावा शिरू नये म्हणून ती आतून भरीव फोमने बंद केलेली असते, ती पुसून कोरडी ठेवली जाते आणि ठरावीक काळाने उच्च दाबाखाली तिची चाचणी होते. शिवाय तिच्या लांबीवरून खालपर्यंत तांब्याची तार आलेली नसते. आपला पोल पोकळ असतो, दवात भिजलेला आणि मैदानातल्या धुळीने माखलेला असतो आणि त्याला कोणत्याही दाबाचे मानांकन नसते. दोन्ही वस्तू फायबरग्लासच्या आहेत, याने काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी समजूत अशी की उच्चदाबाची तार जवळ गेलेल्या वस्तूला ‘खेचते’, आणि वीजरोधक वस्तूला ती खेचणार नाही. कोरड्या हवेत ठिणगी उडण्यासाठी ढोबळमानाने दर सेंटिमीटरला ३० केव्ही लागतात; म्हणजे ११ केव्हीच्या तारेवरून ठिणगी फार लांब उडी मारत नाही. अतिउच्चदाबाच्या वाहिन्यांची गोष्ट वेगळी, तिथे हे अंतर वाढत जाते. पण आपल्या गावाशहरांतल्या ११ केव्हीच्या आणि लघुदाबाच्या तारांच्या बाबतीत खरा धोका ठिणगीच्या उडीचा नसून पोल पडण्याचा आहे. म्हणूनच इमारतींसाठीच्या नियमांतली अंतरे पोलाला लावणे चुकीचे आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ११ केव्हीपर्यंतच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर ठेवायला सांगितले होते आणि तो आकडा लोक आजही अँटेनासाठी सांगतात. इमारत वाऱ्याने आडवी होत नाही. पोल होतो, आणि पोल किती लांब पोहोचेल हे तो कशाचा बनला आहे यावर अवलंबून नसून त्याच्या उंचीवर अवलंबून असते. रस्ता ओलांडणाऱ्या लघुदाबाच्या तारेची किमान उंची ५.८ मीटर आणि ११ केव्हीच्या तारेची ६.१ मीटर धरलेली आहे. १० मीटरचा पोल त्या दोन्हींच्या बराच वर जातो.

अंतर मोजायचे ते असे. पोलाची पूर्ण उंची, त्यात वर बसवलेल्या अँटेनाची उंची आणि त्यावर किमान ३ मीटर. १० मीटरच्या पोलावर २ मीटरचा अँटेना असेल तर १५ मीटर झाले. मी स्वतः एकूण उंचीच्या दीडपट, म्हणजे अशा वेळी १८ मीटर, धरतो आणि तेवढी जागा नसेल तर पोल कमी उघडतो. इथेच फायबरग्लासच्या पोलाबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते, जी धातूच्या मास्टवर छोटा व्हीएचएफ (कमी तरंगलांबीचा) अँटेना लावणाऱ्याला सहसा घ्यावी लागत नाही. या पोलांवरून लांब तारा तिरप्या नेल्या जातात. ४० मीटर बँडच्या एका टोकाकडून फीड केलेल्या (म्हणजे केबल एका टोकाला जोडलेल्या) अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनाची तार सुमारे २० मीटरची असते. तिचे एक टोक सुटले आणि वारा असला, तर ती दुसऱ्या टोकाभोवती २० मीटरपर्यंत कुठेही जाऊन पडू शकते. त्यामुळे मोजणी पोलाच्या बुंध्यापासून एकदा आणि तारेच्या प्रत्येक खुंटीपासून पुन्हा एकदा करावी लागते. वीजरोधक पोलाची धोक्याची कक्षा अशा रीतीने धातूच्या मास्टपेक्षा मोठी ठरते. सल्ला देणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो.

उभारताना आणि उतरवताना सर्वांत जास्त जपावे, कारण त्या वेळी तणावे बांधलेले नसतात आणि पोल माणसाच्या हातात असतो. उघडलेला पोल उभा धरून चालत जागा बदलू नये. आधी मिटवावा, मग हलवावा. झाडीच्या पार्श्वभूमीवर विजेची तार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तारा शोधण्याऐवजी विजेचे खांब शोधावेत आणि एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत नजरेने रेघ ओढावी. पोल धरणाऱ्याचे लक्ष सांध्यांकडे असते, तेव्हा वर पाहण्यासाठी वेगळा माणूस हवा आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये.

काळ्या रंगाच्या पोलाबद्दल स्वतंत्र इशारा देतो. मासेमारीच्या गळाच्या काठ्या अँटेनासाठी चांगल्या हलक्या पडतात, पण त्यांतल्या पुष्कळशा कार्बन फायबरच्या असतात आणि कार्बन फायबर विद्युतवाहक आहे. मल्टिमीटर लावून खात्री करणारे इथे फसतात, कारण वरच्या रेझिनच्या थरामुळे मीटर काहीच दाखवत नाही; उच्च दाबासमोर तो थर टिकत नाही. विक्रेत्याने लेखी ‘फायबरग्लास’ म्हटलेले नसेल तर काळा पोल कार्बनचाच समजावा.

अर्थिंगचा मुद्दाही याच गोंधळाचा भाग आहे. धातूचा मास्ट अर्थ केला म्हणजे तारेला टेकला तरी चालेल, असे कोणी समजू नये. दोष-प्रवाह (तार टेकल्यावर मास्टमधून जमिनीत जाणारा प्रवाह) वाहत असताना मास्टवरचा दाब धोकादायक पातळीला जातो आणि उभारणीच्या वेळी तर अर्थची तार बहुधा जोडलेलीही नसते. आकाशातल्या विजेपुढे दोन्ही पोल सारखेच, कारण फायबरग्लासवरून तार खाली आलेली असतेच. एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या माथ्यावर पोल उभारणाऱ्यांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवावे. गडगडाट ऐकू आला की पोल उतरवण्याच्या खटपटीत न पडता आधी माथा सोडावा.

पोल किंवा तार वाहिनीला टेकलीच, तर पोल, तणावे, केबल आणि रेडिओ यांतल्या कशालाही कोणी हात लावू नये, पोल फायबरग्लासचा असला तरीही. जवळ असलेल्यांनी पावले जमिनीवरून न उचलता, जवळजवळ ठेवून सरकत किमान १० मीटर दूर जावे आणि १९१२ वर फोन करून वाहिनी बंद करून घ्यावी. वीज गेल्यासारखी दिसली म्हणून परत जवळ जाऊ नये. उपकेंद्रातून वाहिनी पुन्हा सुरू केली जाऊ शकते. वाहिनी बंद करून अर्थ केली आहे असे महावितरणचा कर्मचारी जागेवर येऊन सांगेपर्यंत पोल जिथे पडला तिथेच राहू द्यावा.