कलासंग्रहालयातील मार्गदर्शित फेरी

कलासंग्रहालयात लहान प्रेक्षकगटाला जाणकार व्यक्तीने निवडक कलाकृतींपुढे थांबवत नेण्याची व त्या पाहण्यास साहाय्य करण्याची पद्धत. व्यवहारात ती ‘गाइडेड टूर’ या नावानेच अधिक ओळखली जाते. गट बहुधा सहा ते पंधरा जणांचा आणि फेरी दीड ते तीन तासांची असते. एका जागी बसून ऐकायचे कलाव्याख्यान, छापील मार्गदर्शिका व ध्वनिमार्गदर्शक (ऑडिओ गाइड) ही हिची जवळची भावंडे. मात्र बोलणारा, ऐकणारे आणि कलाकृती ही तिन्ही एकाच वेळी एकमेकांसमोर असणे हे या पद्धतीचे वेगळेपण आहे.

प्राचीनत्व : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. ग्रीक-रोमन जगात देवस्थानांतील पुतळे व नवसाच्या वस्तू दाखविणारे वाटाडे होते, हे निश्चित. डेल्फीच्या मंदिराचा पुरोहित असलेल्या प्लूटार्कने (इ. स. सु. ४६–सु. १२०) तेथील वाटाड्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात पाहुणे ‘थोडक्यात आटपा’ म्हणून विनवतात, तरी वाटाडे पाठ केलेले भाषण पुढे रेटतात. दुसऱ्या शतकातील प्रवासवर्णनकार पॉसेनिअस आर्गॉसच्या वाटाड्यांबद्दल लिहितो की, आपण सांगतो ते सगळे खरे नाही हे त्यांना ठाऊक असते, तरीही ते तेच सांगतात. ठरीव भाषण आणि ऐकीव कथा यांविषयीच्या तक्रारी अशा रीतीने जवळजवळ पद्धतीइतक्याच जुन्या आहेत.

चित्रांच्या संदर्भात खरा वाद ग्रीक लेखक थोरल्या फिलोस्ट्राटसच्या ‘इमॅजिनीस’ या चित्रवर्णनांच्या ग्रंथाविषयी आहे (सर्वसाधारणपणे तिसऱ्या शतकाचा पूर्वार्ध). नेपल्सच्या वेशीबाहेर समुद्राकडे तोंड असलेल्या एका वाड्यात भिंतींत बसविलेली चित्रे आपण यजमानाच्या दहा वर्षांच्या मुलाला समजावून दिली, असे लेखक म्हणतो. त्याने मुलाला पुढे उभे केले, तरुणांना मागून येण्यास सांगितले आणि काही कळले नाही तर मध्येच विचारण्याची त्यांना मोकळीक दिली. लहान गट, आटोपशीर दालने, प्रश्नांना मुभा अशी आजच्या फेरीची जवळजवळ सगळी अंगे येथे आढळतात. पण ही चित्रे खरोखरच होती काय? कार्ल फ्रीडेरिक्सने १८६० मध्ये ती केवळ वक्तृत्वाच्या सरावासाठी कल्पिलेली ठरविली. लगेच पुढच्या वर्षी हाइन्रिख ब्रूनने त्याचे खंडन करून चित्रे खरी असल्याचा पक्ष मांडला. १९४१ मध्ये कार्ल लेमान-हार्टलेबेनने तर ग्रंथातील चित्रांच्या क्रमावरून दालनांतील मांडणीही सुचविली. क्रमात दिसणाऱ्या काही विसंगती चित्रे खिडक्या-दारांच्या वरखाली टांगलेली मानली की सुटतात, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यानंतरच्या अभ्यासकांचा कल ग्रंथाकडे वाङ्मयीन रचना म्हणून पाहण्याचा आहे आणि तो अधिक सावध वाटतो. मात्र चित्रे कल्पित मानली, तरी फेरीचा प्रसंग तत्कालीन वाचकाला ओळखीचा वाटला असला पाहिजे. नाहीतर ग्रंथाची चौकटच उभी राहत नाही.

यानंतर सुमारे तेराशे वर्षांचा दुवा जुळत नाही. प्रबोधनकाळी जॉर्जो व्हाझारीने फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो व्हेक्कियोत स्वतः रंगविलेली दालने राजपुत्र फ्रांचेस्को दे मेदिची याला हिंडून दाखवीत असल्याची कल्पना करून संवाद लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १५८८ मध्ये प्रसिद्ध झाले. याच शहरातील उफ्फीझी कलावीथी १७६९ मध्ये लोकांसाठी खुली झाली, पण त्याआधी कित्येक दशके वजनदार पाहुण्यांना ती परवानगीने पाहता येई. दालने दाखविण्याचे काम तेथील रखवालदार करीत आणि त्यांच्या हातावर बक्षिसी ठेवण्याची रीत होती. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज उमराव तरुण इटलीच्या दीर्घ यात्रेवर निघत, तेव्हा त्यांना शहर व संग्रह दाखविणारे ‘चिचेरोने’ हा तर एक स्वतंत्र व्यवसायच बनला होता.

सक्तीची फेरी : सार्वजनिक संग्रहालयाच्या इतिहासात लहान गटाचा नियम लिखित स्वरूपात स्पष्टपणे दिसतो तो लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममध्ये (स्थापना १७५३, लोकांसाठी खुले १५ जानेवारी १७५९). ही संस्था त्या काळी ग्रंथ, हस्तलिखिते, नाणी व निसर्गवस्तू यांचा मिश्र संग्रह होती; तिला निव्वळ कलासंग्रहालय म्हणता येणार नाही. तरीही तिचे नियम पुढील सर्व चर्चेचा पाया असल्याने येथे थोडे विस्ताराने देणे इष्ट आहे.

प्रवेश विनामूल्य होता. मात्र इच्छुकाने आपले नाव, सामाजिक दर्जा व पत्ता आधी लेखी कळवावा लागे. तो मान्य झाल्यावर ठरावीक दिवसाचे व तासाचे तिकीट मिळे. एका तासाला दहांहून अधिक तिकिटे द्यायची नाहीत, असा दंडक होता. आलेल्या दहांपैकी पाच जणांना उपग्रंथपालाने व पाच जणांना त्याच्या साहाय्यकाने विभागातून फिरवायचे, सर्वांनी एकत्र राहायचे आणि एका विभागात तासाहून अधिक थांबायचे नाही. गट यापेक्षा लहान क्वचितच असू शकेल. पण त्यामागचा हेतू शिकविण्याचा नसून वस्तू जपण्याचा होता. बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन १७८४ मध्ये येथे आला. त्याने एकाकडून दोन शिलिंगांना तिकीट मिळविले होते. त्याच्या सांगण्यानुसार दहाएक जणांना अर्ध्या तासात सगळ्या वाड्यातून पिटाळले गेले. एका वस्तूबद्दल विचारताच वाटाड्याने त्यालाच उलट फटकारले, त्यामुळे बाकीचेही गप्प झाले. थोडी माहिती मिळाली असती तर केवढे पाहता आले असते, ही त्याची हळहळ पुढील दीडशे वर्षांच्या संग्रहालयविषयक लेखनात पुनःपुन्हा उद्‌धृत झाली आहे. १८१० पासून नीटनेटक्या पेहरावातील कोणासही ठरावीक दिवशी सोबत्याविना आत जाता येऊ लागले.

पॅरिसमध्ये लूव्हर १० ऑगस्ट १७९३ रोजी संग्रहालय म्हणून खुले झाले. क्रांतिकालीन दहा दिवसांच्या आठवड्यातील काही दिवस नकला करणाऱ्या चित्रकारांसाठी राखीव असत आणि काही दिवस सर्वांना मुक्तद्वार असे. तेथे नागरिकाने स्वतःच्या पायांनी हिंडावे व स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही भूमिका होती. एकोणिसाव्या शतकात हीच भूमिका सर्वत्र रूढ झाली आणि सोबत चालणारा वाटाडा मागे पडला. काही लेखक राजवाड्यातील रखवालदारापासून आजच्या मार्गदर्शकापर्यंत अखंड परंपरा दाखवितात. ते पटण्यासारखे नाही. लहान गट हा पहाऱ्यासाठी जन्मला, प्रेक्षकावरील अविश्वास सरल्यावर तो नाहीसा झाला आणि पुढे शिक्षणासाठी नव्याने निर्माण करावा लागला, असे मानणे उपलब्ध पुराव्याला अधिक धरून आहे.

मार्गदर्शकाचा उदय : आल्फ्रेट लिख्टव्हार्क १८८६ मध्ये हँबर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयाचा संचालक झाला. शाळकरी मुलींच्या एका वर्गाला चित्रांपुढे बसवून त्याने केलेले संवाद १८९७ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकाराचे नाव, शैली, कालखंड हे सारे बाजूला ठेवून चित्रात काय दिसते, उजेड कोठून येतो, ही व्यक्ती काय करते आहे, असे तो प्रथम विचारी. माहिती नंतर आणि गरजेपुरती. अमेरिकेत बॉस्टनच्या म्यूझीयम ऑफ फाइन आर्ट्‌सचा सचिव बेंजामिन आइव्ह्‌ज गिलमन याच्या पुढाकाराने १९०७ च्या सुमारास ‘दोसेंट’ या पदनामाने दालनांतून फिरणारे मार्गदर्शक नेमले गेले. हे पदनाम आता अमेरिकेत सर्वत्र रूढ आहे. ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर १९१६ मध्ये छायाचित्रांसह लेख लिहिणाराही हाच गिलमन. वस्तू पाहण्यासाठी प्रेक्षकाला किती वाकावे, उकिडवे बसावे, मान उंचवावी लागते, हे त्याने त्यात दाखवून दिले. ब्रिटनमध्ये लॉर्ड सडली याच्या वृत्तपत्रीय मोहिमेनंतर ब्रिटिश म्यूझीयमने १९११ मध्ये अधिकृत मार्गदर्शक नेमला. अग्रहक्काचा मान बहुतेक कोश बॉस्टनला देतात. संस्थात्मक पदाच्या दृष्टीने ते योग्य आहे. पद्धतीच्या दृष्टीने हँबर्गला डावलता येत नाही.

पद्धत : फेरीत सगळे संग्रहालय दाखविले जात नाही, आठ-दहा, फार तर पंधरा कलाकृती निवडल्या जातात. एका कलाकृतीपुढे पाच ते दहा मिनिटे थांबणे सामान्य समजतात. एरवी प्रेक्षक किती थांबतो, याची मोजणी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझीयममध्ये झाली असून तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी २७.२ सेकंद, मध्यक १७ सेकंद. फेरीचे मुख्य मोल या फरकात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

माद्रिदच्या प्रादोतील (खुले १८१९) डिएगो व्हेलाझ्क्वेझच्या ‘लास मेनिनास’ या चित्रावरून हे पाहता येईल. सव्वातीन मीटरच्या आसपास उंचीच्या या चित्रापुढे मार्गदर्शक गटाला आधी लांब उभे करतो. तेथून राजकन्या मार्गारीता, तिच्या सख्या, बुटकी मारीबार्बोला, पेंगणारा कुत्रा असे सगळे जिवंत वाटते. मग दोन-तीन जणांना जवळ बोलावले की राजकन्येच्या बाहीवरील फीत विरघळून नुसते कुंचल्याचे मोकळे फटकारे उरतात. मागच्या भिंतीवरील अंधूक चौकट म्हणजे आरसा असून त्यात राजा चौथा फिलिप व राणी मारियाना दिसतात, हे सांगण्याऐवजी शोधू दिले जाते. शेवटी चित्रात स्वतः उभ्या असलेल्या चित्रकाराच्या छातीवरील लाल क्रूस. चित्र १६५६ चे. क्रूस ज्या सांतिआगो पंथाचा, त्यात व्हेलाझ्क्वेझला प्रवेश मिळाला १६५९ मध्ये. म्हणजे क्रूस मागाहून रंगविलेला आहे. तो राजाने स्वतः रंगविला अशी दंतकथा आहे. चांगला मार्गदर्शक ती दंतकथा म्हणूनच सांगतो.

गट लहान ठेवण्यास मुख्य कारण दृष्टिरेषेचे आहे. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझीयममधील व्हेर्मेरची ‘दूधवाली’ जेमतेम ४५.५ × ४१ सेंमी. आहे, तिच्यापुढे पंचवीस माणसे उभी केली तर निम्म्यांना पुढच्याची पाठच दिसणार. रेम्ब्रँटच्या भव्य ‘नाइट वॉच’पुढे ही अडचण नाही. लूव्हरमधील ‘मोनालिसा’ (७७ × ५३ सेंमी.) काचेआड व कठड्यापलीकडे असून तिच्यापुढची गर्दी रांगेने सरकती ठेवलेली असते. त्यामुळे अनेक मार्गदर्शक लिओनार्दोच्या चित्रणरीतीचे विवेचन शेजारच्या लांबलचक ग्रां गालरीतील त्याच्या इतर चित्रांपुढे आधीच उरकून घेतात. मोनालिसाच्या समोरच्या भिंतीवरील व्हेरोनेझेचे ‘काना गावातील लग्न’ (१५६३) सुमारे पावणेसात मीटर उंच व दहा मीटर रुंद आहे. दालनात शिरणाऱ्या बहुतेकांची त्याच्याकडे पाठ असते आणि मार्गदर्शित गट तेवढा वळून पाहतो.

व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये शांतता राखण्याचा नियम असल्याने मार्गदर्शकांनी आत बोलणे अपेक्षित नाही. त्यासाठी आधीच्या अंगणात छताच्या व ‘अंतिम न्याया’च्या चित्रांचे फलक उभे केले आहेत. गट तेथे थांबून सगळे समजून घेतो आणि नंतर आत मुकाट्याने पाहतो. पाहण्याआधी सांगणे, हा येथे नाइलाज असला तरी परिणामकारक ठरतो. आत गेल्यावर कोणते चित्र कोठे आहे हे शोधण्यात प्रत्येकाची नजर गुंतते. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘शेवटचे भोजन’ पाहण्यास प्रत्येक तुकडीला पंधरा मिनिटेच मिळतात. पाडुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात आणि त्याआधी त्यांना हवामान-नियंत्रित खोलीत थांबवितात. या मर्यादा दमट हवा व धूळ यांपासून भित्तिचित्रे वाचविण्यासाठी आहेत.

मोठ्या संग्रहालयांत मार्गदर्शकाच्या गळ्यात सूक्ष्म प्रक्षेपक व प्रत्येकाच्या कानात श्रवणयंत्र देण्याची पद्धत आता रुळली आहे. त्याने आवाज खाली राहतो. मात्र यंत्र कानात असले की लोक पांगतात आणि प्रश्न विचारणे कमी होते, असा मार्गदर्शकांचा अनुभव आहे. ध्वनिमार्गदर्शकाचा पहिला प्रयोग आम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक म्यूझीयममध्ये १९५२ मध्ये झाला. तेथे ध्वनिमुद्रित भाषण दालनांत प्रक्षेपित होई व प्रत्येकजण हातातल्या यंत्रावर तेच ऐके. परिणामी सगळा घोळका एकाच वेळी एका चित्रावरून दुसऱ्याकडे वळे.

सांगावे की विचारावे, हा वाद लिख्टव्हार्कनंतरही मिटलेला नाही. न्यूयॉर्कच्या म्यूझीयम ऑफ मॉडर्न आर्टमधील शिक्षणविभागाच्या कामातून फिलिप येनावाइन व मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस एक प्रश्नपद्धती विकसित केली. चित्रात काय चालले आहे, असे कशावरून म्हणता, आणखी काय सापडते, हे तिचे तीन प्रश्न. तिच्यात मार्गदर्शक जवळजवळ माहिती देतच नाही. नवख्या प्रेक्षकाला धीट करण्यास ती उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु वर दिलेल्या लाल क्रूसासारखी गोष्ट कितीही पाहिले तरी डोळ्यांना कळणार नाही. ती कोणीतरी सांगावीच लागते.

मार्गदर्शक व परवाना : फ्रान्स व इटलीत या कामासाठी पात्रता सिद्ध करून अधिकृत परवाना घ्यावा लागतो. अमेरिकेत बहुतांशी स्वयंसेवक हे काम करतात. त्यांना संग्रहालय दीर्घ प्रशिक्षण देते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये आपली स्वयंसेवी दोसेंट योजना बंद करून पगारी शिक्षक नेमण्याचे ठरविले, तेव्हा मोठा वाद झाला. खासगी संस्थांच्या लहान गटांच्या फेऱ्या अलीकडे पुष्कळ वाढल्या आहेत. लूव्हरने २०१८ मध्ये एक कोटीहून अधिक प्रेक्षक पाहिले आणि पुढे दैनंदिन प्रवेशावर मर्यादा घातली, यावरून गर्दीच्या दाबाची कल्पना येते.

अंध प्रेक्षकांसाठी स्पर्शफेऱ्या, कर्णबधिरांसाठी खुणांच्या भाषेतील फेऱ्या व स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी त्यांच्या सांभाळणाऱ्यांसह संथ फेऱ्या हे या पद्धतीचे नवे प्रकार होत. यांत गट आणखी लहान, बहुधा चार ते आठ जणांचा ठेवतात आणि तीन-चार कलाकृतींपलीकडे जात नाहीत. स्पर्शफेरीसाठी दगडी व ब्राँझची शिल्पे निवडतात, पातळ हातमोजे देतात आणि हात कोठून कोठे फिरवायचा हे मार्गदर्शक शब्दांनी सुचवितो.