शर्मनचे ट्रॅक: रबरटंचाईपासून डकबिलपर्यंत

शर्मन या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मध्यम रणगाड्याचे मॉडेल करताना ट्रॅक (चाकांभोवती फिरणारा कड्यांचा पट्टा) रबरी लावावा की पोलादी, हा प्रश्न मुळात १९४२ सालचा आहे. त्याआधी अमेरिकी मध्यम रणगाड्यांवर दोन्ही बाजूंनी सपाट रबराचा टी-४१ प्रकारचा ट्रॅक असे. एक बाजू झिजली की उलटा करून वापरता येई. टी-५१ मध्ये जमिनीकडचे रबर जाड केले, म्हणजे उलटवण्याची सोय गेली पण झीज सोसायला रबर जास्त मिळाले. १९४२ च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती पडले आणि नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. पोलादी ट्रॅकवर भर वाढला तो या टंचाईमुळे. टी-४९ वर आडव्या पट्ट्या, टी-५४ई१ वर पोलादी व्ही (व्ही अक्षराच्या आकाराचा उंचवटा), आणि टी-६२ वर तोच व्ही रिव्हेट मारून बसवलेला. रबरी व्हीचा टी-४८ मात्र याच काळात चालू राहिला.

वाद होतो तो इथे. ‘सुरुवातीच्या गाडीला रबर, नंतरच्या गाडीला पोलाद’ अशी वाटणी अनेक जण करतात, आणि ती चुकीची आहे. रबरी आणि पोलादी ट्रॅक १९४३ पासून युद्ध संपेपर्यंत शेजारी शेजारी धावत होते. ‘टी’चा आकडा चाचणीच्या नोंदीचा असतो, रणांगणावर कोणता ट्रॅक आधी पोहोचला हे त्यावरून कळत नाही. शिवाय ट्रॅक हा झिजणारा माल. १९४२ मध्ये बांधलेली गाडी १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत उतरली तर तिच्या अंगावर कारखान्यातलाच ट्रॅक असेल असे धरून चालता येत नाही. वर्कशॉपमध्ये जो हाताशी असेल तो चढे. म्हणून हलचे (रणगाड्याच्या धडाचे) उत्पादन-वर्ष पाहून ट्रॅक निवडू नये, ज्या महिन्यातली गाडी करायची त्या महिन्याचा, त्याच तुकडीचा फोटो पाहून निवडावा. हलवर टांगलेल्या सुट्या कड्यांवरूनही निष्कर्ष काढू नये, त्या बरेचदा दुसऱ्याच प्रकारच्या असतात.

कड्यांची संख्या मात्र हलवरूनच ठरते. जुन्या उभ्या स्प्रिंगच्या सस्पेन्शनवर कडीची लांबी ६ इंच आणि रुंदी साधारण १६.५ इंच, म्हणजे १/३५ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये जेमतेम ४.४ आणि १२ मिमी. एका बाजूला ७९ कड्या. एम४ए४ या शर्मनच्या प्रकाराला ८३ लागतात, कारण पाच इंजिने एकत्र जोडलेला संच मावावा म्हणून तिचे हल सुमारे ११ इंच लांब केले आणि बोगींमधले (चाकांच्या जोड्यांमधले) अंतरही वाढवले. ब्रिटिश नावाने ही शर्मन ५. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या मेइकटिलावर गेलेल्या भारतीय टँक ब्रिगेडकडे हीच होती. तिला ७९ कड्यांचा संच ताणून बसवला तर आयडलर (ट्रॅक ताणून धरणारे मागचे चाक) मागून पुढे ओढला जातो आणि एक्सल वाकतो. मोजून घ्या, मगच चिकटवा.

डकबिल १९४४ च्या शरदातले. चिखलात गाडी रुतू नये म्हणून कड्या जोडणाऱ्या टोकांना बाहेरच्या अंगाला रुंद जिभा दिल्या, त्याच या डकबिल. जूनमधल्या नॉर्मंडीच्या गाडीवर त्या लावू नयेत. टणक जमिनीवर त्या वाकत, तुटत. हिवाळ्यातल्या गाडीवर मधल्या दोन-चार गायब दाखवल्या तर ते बरोबरच ठरेल. आतल्या बाजूलाही जिभा हव्या असतील तर सस्पेन्शन हलपासून बाहेर सरकवलेले असावे लागते. साध्या हलवर तेवढी जागाच नाही.

१९४४ च्या अखेरीस आडव्या स्प्रिंगचे सस्पेन्शन युरोपात आले आणि ट्रॅक २३ इंची झाला. इथे चाकांवरून ट्रॅक निसटू न देणारा दात कडीच्या मधोमध, जोडचाकांच्या फटीतून जाणारा. जुन्या ट्रॅकला ते दोन्ही कडांच्या टोकांवर होते. या गाड्यांवर युद्धात मुख्यतः टी-६६ दिसतो. टी-८० युद्ध संपत आले तेव्हा, तोही थोडाच. टी-८४ कोरियातल्या गाडीसाठी ठेवा. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या, बेल्जियममधल्या आर्देनच्या बर्फातल्या गाडीला टी-८४ लावलेला पाहिला की बाकीची मेहनत वाया गेल्यासारखी वाटते.

शर्मनच्या ट्रॅकमधील पिना रबरी बुशमध्ये (नळीसारख्या वेष्टनात) बसतात, त्यामुळे वरचा ट्रॅक सोव्हिएत टी-३४ रणगाड्यासारखा चाकांवर लोळत नाही. रोलरांमध्ये किंचित झोल पुरतो. तुटलेला ट्रॅक दाखवायचा असेल तर त्याचे मोकळे टोक थोडे वर वळवा. रंगवताना टी-४८ किंवा टी-५१ च्या रबरावर चंदेरी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासून दिलेला रंग) मारू नका. तिथे धुळकट काळपट करडा हवा. चकाकी फक्त टोकांवर, जिथे स्प्रॉकेटचे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाचे) दात घासतात. पोलादी व्हीची धार मात्र खुशाल उजळवा.